पाच वेळा, समाधानकारक

सुरतेच्या मे महिन्यात डोक्यावर पंखा असून तो न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच मला विमान शिकवायला होता. डुमसच्या वाटेवर, गावाबाहेर, एक डांबरी धावपट्टी. कडेला पत्र्याची मोठी शेड, शेडमध्ये फ्लाइंग क्लबची दोन विमानं आणि कोपऱ्यात सरांची खोली. खोलीतला पंखा धडधाकट होता, पण सरांनी त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. "खोटा वारा आहे तो," ते म्हणायचे. "खोट्या वाऱ्याची सवय लागली की खऱ्याची जाण जाते." ही जाण शाबूत राहावी म्हणून आम्ही सहा विद्यार्थी त्यांच्यासमोर घामानं निथळत बसायचो.

सर पन्नाशी ओलांडलेले, सैन्यातून निवृत्त झालेले, उंच आणि वाळके. गावातून धावपट्टीपर्यंत सायकलनं यायचे. हँडलला एक पांढरा रुमाल बांधलेला असायचा. तो घाम पुसायला नव्हे हं, वारा बघायला! रस्त्यात रुमालानं दिशा बदलली की सर सायकल थांबवून, एक पाय टेकून, वाऱ्याची खात्री करून घ्यायचे. मागून येणारे टांगेवाले त्यांना काय काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. डबा खातानासुद्धा ते वाऱ्याकडं तोंड करून बसत. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे एक कापडवाले शेठ. त्यांच्या मुलीच्या लग्नात सरांनी आमची अख्खी पंगत उठवून पश्चिमेकडं तोंड करून बसवली होती. वाढपी हातात कढीचं भांडं घेऊन बघतच राहिला.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, मुलखानं मारत. एक 'काठियावाड' होता, एक 'वलसाड' होता. मी 'खानदेश'. घर मूळचं तिकडचं, राहायचो सुरतेतल्या लिंबायतला. वडील सांचाखात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, लूमवर. सरकारनं गरीब घरच्या हुशार पोरांसाठी विमानाची शिष्यवृत्ती काढली होती. मी हुशार किती हा प्रश्न बाजूला ठेवू, गरीब मात्र पहिल्या नंबरानं होतो. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा आई गल्लीभर सांगत फिरली, "मना पोर्‍या इमान चालवस!" वडिलांनी एकच प्रश्न विचारला. विमानाच्या पंखांवर कापड ताणलेलं असतं हे मी सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं. म्हणाले, "कापड कुठलं रे भो? सुती का रेशमी?" मला माहीत नव्हतं. एवढं साधं माहीत नसताना हा पोरगा वर काय जाणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

पट्टीच्या टोकाला खांबावर विंडसॉक होता. म्हणजे ती कापडी पिशवी, वारा भरला की फुगते आणि दिशा दाखवते. सरकारी पिशवी फाटली तेव्हा शेठनी आपल्या मिलमधल्या बाद साडीची नवी शिवून दिली. गुलाबी, वर हिरवी पानं. सर दोन दिवस शेठशी बोलले नाहीत, मग मात्र त्यांना ती आवडायला लागली. सकाळी आले की आधी तिच्याकडं बघायचे. पिशवी पट्टीच्या रेषेत असली तर "चला, बाहेर काढा म्हातारीला," असं म्हणायचे. म्हातारी म्हणजे विमान. दोघांना बसायची जागा, पुढं दोन चाकं, शेपटीखाली एक छोटं. आणि पिशवी पट्टीला आडवी असली तर सर खुर्ची ओढून सावलीत बसायचे आणि हुकूम सोडायचे, "वारा आडवा आहे. चहा!"

ह्या 'आडवा वारा, चहा'ला आम्ही इतके सरावलो होतो की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलंच नाही. बाहेर टपरीवाला तर आमच्याआधी पिशवीकडं बघायचा आणि तिथूनच ओरडायचा, "साहेब, पवन आडो छे! चा मूकुं?" मूकुं म्हणजे ठेवू का. त्याचा अर्धा धंदा आडव्या वाऱ्यावर चालला होता.

आता ज्यांनी विमान चालवलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमानाला समोरून वारा लागतो, उतरताना तर हवाच. पण तो बाजूनं आला तर विमान पट्टीवरून सरकत बाहेर जातं. मग वाऱ्याच्या बाजूचा पंख थोडा खाली करून, पायानं नाक पट्टीवर सरळ धरून, आधी एकच चाक टेकवायचं. ही कला आहे, आणि ती आल्याशिवाय परवाना मिळत नाही. आमची पट्टी समुद्राकडं तोंड करून होती आणि वारा बहुतेक समुद्रावरूनच यायचा, म्हणून सरांचं वर्षानुवर्षं निभावून गेलं. "माझ्या हातून आजवर साधा टायर फुटलेला नाही," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. खरंच होतं ते. आणखी एक वाक्य त्यांचं लाडकं होतं, "काहीही झालं तरी वाऱ्याला दोष द्यायचा नाही. त्यानं तुम्हाला बोलावलेलं नसतं."

एकट्यानं उडण्याआधी लॉगबुकात काय काय शिकवलं ते भरावं लागतं. सर ओळीनं भरत गेले. एका रकान्याशी थांबले, पेन झटकलं, आणि लिहिलं, 'आडव्या वाऱ्यात उतरणे: पाच वेळा, समाधानकारक.' खाली झोकदार सही. मी म्हटलं, "सर, हे तर आपण एकदाही..." सरांनी चष्म्यावरून बघितलं. "खानदेश, माझ्या लॉगबुकातही माझ्या गुरूंनी पाचच लिहिले होते. करशील पुढं. पळ." मी पळालो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. फुकटात पास होणं कुणाला नको असतं?

तो दिवस माझ्या एकट्याच्या उड्डाणाचा तिसरा. काम सोपं होतं. वर जायचं, पट्टीभोवती फेरी मारायची, उतरायचं. दुपारचे तीन वाजले होते. निघताना गुलाबी पिशवी पट्टीच्या रेषेत होती. फेरी मारून वळलो तर पिशवी वळलेली! वारा सरळ दक्षिणेकडून, पट्टीला काटकोनात, आणि पिशवी टम्म फुगलेली. विमानात रेडिओ नव्हता. खाली सर पट्टीच्या कडेला उभे, हातात लाल झेंडा. लाल म्हणजे उतरू नको. मी वर गेलो, पुन्हा फेरी मारली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. चौथ्या फेरीला खाली बघितलं तर टपरीवाला सरांच्या शेजारी पेला घेऊन उभा! माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि खाली चहा चालला होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरांना जे येत होतं तेच ते करत होते. वारा फिरायची वाट बघत होते.

वारा काही फिरेना. नाकापुढं टाकीतून वर आलेली एक तार असते. तेलावर बूच तरंगतं, त्याला ती जोडलेली, तेल कमी झालं की तार खाली बसते. नवव्या फेरीला तार टेकली. त्या वेळी मला आई आठवली, देव आठवला असं मी नंतर लोकांना सांगायचो. खोटं आहे ते. मला सरांचा भयंकर राग आला होता आणि मी त्यांना मोठ्यानं शिव्या देत होतो. ऐकायला कुणी नव्हतं हे बरं.

लाल झेंडा समोर फडफडत असतानाच मी उतरलो. नाक वाऱ्याकडं वाकडं, तसंच टेकवलं. चाकं डांबराला लागली मात्र, म्हातारी गर्रकन डावीकडं फिरली. उजवा पंख जमिनीला घासला, उजव्या चाकाचा पाय मोडला आणि नाकावरचा पंखा मातीत रुतून आम्ही बाभळीत जाऊन थांबलो. माझं तोंड समोरच्या काट्यांच्या फळीवर आपटलं. पुढचा एक दात अर्धा गेला तो आजही अर्धाच आहे.

सर धावत आले. मी त्यांना धावताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "लागलं का? हात हलव. पाय हलव." मग सायकलकडं पळाले, हँडलचा रुमाल सोडला आणि माझ्या तोंडाला दाबून धरला. माझा राग तिथल्या तिथं निम्मा झाला, आणि मला स्वतःचाच राग आला.

घरी आईनं मला चाचपून बघितलं आणि शेजारणींना सांगितलं, "पडना ते पडना. जित्ता शे ना!" ह्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण चौकशी लागली.

चौकशीचे साहेब मुंबईहून आले. गोरे, गुबगुबीत, सारखे घड्याळ बघणारे. त्यांनी सरांच्या खोलीत टेबल मांडलं, पंखा मागितला, चिकटपट्टी बघितली आणि कपाळाला आठी घालून बसले. माझं लॉगबुक उघडलं. "आडव्या वाऱ्यात उतरणे, पाच वेळा, समाधानकारक. म्हणजे मुलाला येत होतं. लाल झेंडा दाखवला होता. म्हणजे मनाई होती. तरी उतरला." त्यांनी सरांकडं बघितलं. सर भिंतीकडं बघत म्हणाले, "रेकॉर्डमध्ये आहे ते आहे." मी म्हटलं, "साहेब, तेल संपलं होतं." ते म्हणाले, "संपेपर्यंत फेऱ्या कुणी मारल्या?"

पाचही वेळा खोट्या आहेत हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. सरांची झोकदार सही एकीकडं, आणि माझं सुजलेलं तोंड दुसरीकडं. माझं कोण ऐकणार? साहेब म्हणाले, उद्या निकाल देतो. निकाल काय हे आम्हाला कळून चुकलं होतं. शिष्यवृत्ती जाणार, परवाना कधीच मिळणार नाही, आणि मी वडिलांच्या शेजारच्या लूमवर उभा राहणार. सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही, हेही मी बघितलं. बघून मला काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पट्टीवर हजर! मी बोलावलेलं नव्हतं. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, रात्रपाळी करून तसेच आलेले. आधी मोडलेल्या म्हातारीजवळ गेले आणि फाटलेल्या पंखाचं कापड दोन बोटांत धरून चोळलं. मग खोलीच्या दारात येऊन हात जोडले. साहेबांना नव्हे, सरांना.

"साहेब, पोरानं तुमचं विमान मोडलं. चूक त्याचीच असंल. कापड चांगलं होतं." टोपी सारखी केली. "फक्त एक इचारू? आमच्याकडं सांचाखात्यात नवा माणूस आला का त्याच्या ताग्यावर सहा महिने शिकवणाऱ्याची खूण घालत्यात. त्याच्या हातानं कापड बिघडलं तर मालक त्याला बोलवत नाही. ज्यानं शिकवलं त्याला बोलवतो. तुमच्यात कसं असतं?"

वडिलांच्या बोलण्यात टोमणा मुळीच नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पण सरांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ते उठले. "साहेब," ते चौकशीवाल्यांना म्हणाले, "बाहेर या. वारा आडवा आहे. मी काय शिकवलंय ते दाखवतो."

खरंच पिशवी आडवी होती. टपरीवाल्यानं सवयीनं आधण ठेवलं होतं. सर दुसऱ्या विमानात एकटेच बसले. इंजिन सुरू झालं. विमान हळूहळू पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आणि उभं राहिलं. आम्ही वाट बघतोय. पंखा फिरतोय, विमान जागचं हलत नाही. दहा मिनिटं तरी गेली असतील. "जा ना, सर!" मी पुटपुटत होतो. कालपर्यंत ज्या माणसाला शिव्या घालत होतो त्यानं आज वर जावं आणि झकास उतरावं, मग माझं काहीही होवो, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. विमान तसंच हळूहळू परत आलं. सरांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, टोपी काढली.

"येत नाही मला," ते म्हणाले. "मी शिकलो तेव्हा पट्टी नव्हती. गोल मैदान होतं, गवताचं. वारा येईल तिकडं तोंड करायचं आणि उतरायचं. आडवा वारा असा नव्हताच आम्हाला. पुढं पट्ट्या आल्या तोवर मीच गुरू झालो होतो. मग कुणाला विचारणार? ती सही खोटी आहे. ह्या मुलाला मी एकदाही शिकवलेलं नाही. लिहून घ्या."

वडिलांना मात्र राहवेना. ते चौकशीवाल्या साहेबांकडं वळून म्हणाले, "मंग साहेब, तुम्हीच दाखवा ना पोराला एकडाव."

साहेबांनी गुलाबी पिशवीकडं बघितलं. मग घड्याळाकडं बघितलं. "आज जरा... वारा आहे," ते म्हणाले, आणि टपरीवाल्याच्या हातातला चहाचा पेला त्यांनी स्वतः पुढं होऊन घेतला.

अहवाल महिन्यानं आला. विद्यार्थी निर्दोष, त्याला दुसऱ्या गावच्या क्लबात पाठवावं. शिक्षकानं प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा द्यावा. आणि अपघाताचं कारण: वाऱ्याच्या दिशेत अचानक झालेला बदल. सरांना राजीनाम्याचं काही वाटलं नाही, पण ही शेवटची ओळ वाचून ते संतापले. "वाऱ्यावर ढकललं! शरम नाही वाटत?" दोष वाऱ्याचा नसून माझा आहे, असं त्यांनी वरती दोनदा लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी पंख्याच्या बटणावरची चिकटपट्टी स्वतःच्या नखानं खरवडून काढली आणि सायकलवर बसले. हँडलला नवा रुमाल होता. जुना माझ्याकडं राहिला, डाग काही गेले नाहीत.

दुसऱ्या क्लबात मी आडव्या वाऱ्यात इतक्या वेळा उतरलो की स्वप्नातही एकच चाक टेकवायचो. परवाना मिळाला. पाच-सहा वर्षांनी त्याच सुरतेच्या पट्टीवर शिकवायला आलो. सर कुठं आहेत म्हणून चौकशी केली तर कतारगामला हिऱ्याच्या एका कारखान्यात लिखापढीला आहेत असं कळलं. मला हसूच आलं. हिऱ्याच्या कारखान्यात पंखा लावत नाहीत, बारीक हिरे उडून जातात. सरांनी अख्ख्या गावातून आपल्याजोगी जागा बरोबर हुडकली होती.

एका रविवारी त्यांना पट्टीवर घेऊन आलो. मुद्दामच, पिशवी आडवी बघून. पिशवी आता सरकारी होती, नारिंगी. सरांना ती आवडली नाही. टपरीवाला तोच होता. त्यानं सरांना बघितलं आणि त्याचे डोळेच भरून आले. "साहेब! पवन आडो छे. चा मूकुं?"

"थांब जरा," सर म्हणाले. माझ्याकडं वळले. "खानदेश, नेतोस?"

ते शेजारी बसले, हात मांडीवर, मुठी आवळलेल्या. पहिल्यांदा उतरताना त्यांनी डोळे मिटून घेतले. डावं चाक टेकलं, मग उजवं, मग शेपटी. त्यांनी डोळे उघडले. "एक," ते म्हणाले. मला आधी कळलं नाही. "बघतोस काय? पुन्हा." दुसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडे ठेवले. तिसऱ्यांदा माझे पाय कसे हलतात ते वाकून बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे पाय तसेच हलत होते. चौथ्यांदा वाऱ्याचा झोत आला, चाक जरा घासलं, मी सावरलं. पाचव्यांदा मला वाटतं आयुष्यातलं सगळ्यात सुंदर उतरलो मी. इंजिन बंद केलं. आता सर काहीतरी बोलतील, माझी सही आज खरी झाली असं म्हणतील, म्हणून मी वाट बघत बसलो.

सरांनी रुमालानं चष्मा पुसला, निवांतपणे. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"चौथं घसरलं," ते म्हणाले. "चारच समाधानकारक. म्हणजे सही माझी खोटीच." आणि दार उघडून टपरीवाल्याला ओरडले, "मूक रे आता चा!"